सुभेदाराचा आग्रह

लग्नाची पत्रिका द्यायला आलेले दशरथ प्रधान सबनिसांच्या घरात सकाळी साडेदहाला शिरले आणि दुपारी पावणेचारला बाहेर पडले. त्यांना मुलुंडमध्ये अजून अकरा घरी जायचं होतं. त्यांतल्या नऊ घरी पत्रिका पोचलीच नाही, आणि त्या नऊ घरच्या मंडळींनी पुढे जे रुसवेफुगवे केले त्याबद्दल प्रधानांनी सबनिसांना कधीच माफ केलं नाही. खरं तर सबनिसांचा काहीच दोष नव्हता. प्रधानांना अडवून ठेवलं होतं ते सबनिसांच्या कुत्र्याने.

कुत्र्याचं नाव सुभेदार. इतरांचे कुत्रे अनोळखी माणसाला आत येऊ देत नाहीत. सुभेदार कुणालाही आत येऊ द्यायचा. चोर आला असता तर त्यालाही त्याने शेपटी हलवत कोचापर्यंत सोडलं असतं. भानगड व्हायची ती निघताना. पाहुणा उठला की सुभेदार दोन उड्यांत दार गाठून उंबऱ्यापाशी आडवा पडायचा, आणि पाहुण्याने त्याला ओलांडायचा विचार केलाच तर पँटचा पाय किंवा पदराचं टोक हलकेच दातात धरून त्याला पुन्हा कोचावर आणून बसवायचा. चावायचा नाही, ओरखडाही काढायचा नाही. "अहो, काही करत नाही तो," असं सबनिसांच्या पत्नी सुहासिनीबाई प्रत्येकाला सांगायच्या, आणि जिचा पदर कुत्र्याच्या दातात आहे त्या बाईला या वाक्याने जितका धीर यायचा तितका यायचा.

विद्याधर सबनीस फोर्टातल्या एका विमा कंपनीत सेक्शन हेड होते. त्यांच्या हाताखाली चौदा माणसं होती आणि ती सगळी साडेपाचच्या ठोक्याला निघून जात. घरी मात्र कुणी जातच नाही, हे त्यांना सहन होईना. प्रधान गेल्यावर त्यांनी फर्मान काढलं. पालघरला त्यांचा भिकाजी नावाचा मित्र कोंबड्या पाळून होता आणि त्याला राखणीला कुत्रा हवा होता. चोराला प्रेमाने आत घेऊन सकाळपर्यंत बसवून ठेवणारा कुत्रा भिकाजीला परवडेल, असं विद्याधरांचं म्हणणं होतं.

"चैत्रातलं तुझं हळदीकुंकू होऊ दे," ते म्हणाले. "चाळीस बायका येतील. त्यांतल्या एकीला जरी त्याने या घरात अडवलं, तर दुसऱ्या दिवशी तो पालघरला. मी भिकाजीला तसं कळवतोय."

सुहासिनीबाई त्या रात्री जेवल्या नाहीत. एकुलता एक मुलगा शिकायला पवईच्या हॉस्टेलवर गेल्यापासून त्या घरात सकाळी नवानंतर बोलायला कुणी उरलेलं नव्हतं. एक सुभेदार होता आणि येणारे-जाणारे होते. म्हणूनच की काय, त्यांचा पाहुणचार सबंध पूर्व मुलुंडात प्रसिद्ध होता. पाहुण्याने उठायचं, त्यांनी त्याची पिशवी काढून कपाटावर ठेवायची, पाहुण्याने नको-नको म्हणायचं, त्यांनी मनगट धरून बसवायचं, आणि मग आतून चकल्यांची दुसरी ताटली यायची. पाहुणा आला की तीन वेळा उठणार हे उभय पक्षांना माहीत असे, आणि पहिल्या उठण्याला खरं समजण्याइतकं अडाणी त्या इमारतीत कुणी नव्हतं.

सुभेदाराला सुधारायला पहिल्यांदा आले ते लवू सावंत. होमगार्डात असताना त्यांनी पोलिसांची कुत्री बरीच जवळून पाहिली होती, एवढी त्यांची पात्रता. "ह्या कायेक नाय. तीन दिवसांत सरळ करतंय," असं म्हणून त्यांनी वर्तमानपत्राची गुंडाळी केली आणि सुभेदाराला इंग्रजीतून बसायचा हुकूम सोडला. सुभेदार बसला. सावंत खूश होऊन निघाले, तेव्हा सुभेदाराने त्यांची पँट धरली. सावंतांनी तोच हुकूम आणखी सातआठ वेळा सोडला आणि शेवटी स्वतःच बसले. त्या दिवशी ते सबनिसांकडे जेवले, झोपले, संध्याकाळचा चहा प्यायले आणि अंधार पडायच्या आत स्वयंपाकघराच्या गॅलरीतून शेजारच्या गॅलरीत उतरून गेले.

मग सुहासिनीबाई कुत्र्याला घेऊन जनावरांच्या दवाखान्यात गेल्या. तिथल्या डॉक्टरांनी कान, दात, पोट तपासून याला काहीही आजार नाही असा निर्वाळा दिला आणि अंधेरीच्या डॉक्टर रत्नप्रभा जयकरांचा पत्ता दिला. या बाई आधी जनावरांच्या डॉक्टर झाल्या होत्या आणि मग इंग्लंडला दोन वर्षं राहून प्राणी असे का वागतात याचीच पदवी घेऊन आल्या होत्या. कुत्रा असा का वागतो हे शिकायला इंग्लंडला जावं लागतं, हे ऐकून विद्याधर बराच वेळ हसले. लवू सावंतांना घरात घेताना त्यांना हसू आलं नव्हतं.

जयकरबाई आल्या. त्या पन्नाशीच्या, कॅनव्हासचे बूट घातलेल्या आणि घाई अजिबात नसलेल्या होत्या. दोन तास त्या नुसतं विचारत होत्या. पिल्लू कधी आणलं, कुणी आणलं, कुठे झोपतं, कोण काय घालतं. कुत्र्याकडे त्यांनी ढुंकून पाहिलं नाही, त्यामुळे विद्याधरांना संशय आला.

"गॅरंटी काय?" त्यांनी विचारलं.

"गॅरंटी मिक्सरला असते, सबनीस. कुत्र्याला मी देत नाही. देणारा कुणी भेटला तर त्याला दारातूनच परत पाठवा."

"दारातून परत पाठवता येत असतं तर तुम्हाला कशाला बोलावलं असतं?"

बाईंनी हेही वहीत लिहून घेतलं. मारायचं नाही, ओरडायचं नाही आणि पंधरा दिवस रोजची नोंद ठेवायची, एवढं सांगून त्या निघाल्या. म्हणजे उठल्या. प्रत्यक्ष निघाल्या त्या दीड तासाने, पण ते त्यांच्या दृष्टीने निरीक्षण होतं.

नोंदीचं काम विद्याधरांनी आपणहून घेतलं; ते ऑफिसात असतानाच्या वेळा सुहासिनीबाई टिपून ठेवत आणि संध्याकाळी त्यांना सांगत. सव्वीस वर्षांच्या नोकरीत त्यांना इतका जिव्हाळ्याचा विषय मिळाला नव्हता. त्यांनी फुलस्केप वही आखली आणि रकाने पाडले : आगंतुकाचे नाव, प्रवेश, उत्थान, प्रत्यक्ष निर्गमन, शेरा. समोरच्या बिऱ्हाडातल्या नलिनीवहिनी वाटीभर साखरेला आल्या : प्रवेश चार पाच, उत्थान चार दहा, निर्गमन पाच चाळीस. दूधवाला : निर्गमन तत्काळ. गॅसवाला : तत्काळ. मासेवाली सगुणाबाई घरात येऊन, पाटी उतरवून, बोंबील मोजून निघून गेली आणि सुभेदाराने कानही हलवला नाही : तत्काळ. या निरीक्षणावर विद्याधरांनी एक सिद्धांत बसवला. कुत्रा कष्टकरी माणसाला जाऊ देतो आणि रिकामटेकड्यांनाच अडवतो. दशरथ प्रधानांच्या बाबतीत तो त्यांना फारच पटला, आणि जयकरबाई आल्याबरोबर त्यांनी तो ऐकवला.

बाईंनी वही शांतपणे वाचली. मग म्हणाल्या, "आता मी उठते. तुम्ही नेहमी करता तेच करा."

त्या उठल्या. सुहासिनीबाईंनी त्यांची शबनम काढून घेतली, कपाटावर ठेवली, मनगट धरलं. सुभेदाराने बूट धरला.

"आता मी पुन्हा उठते. या वेळी कुणी काहीही बोलायचं नाही."

त्या उठल्या. सुहासिनीबाई तीन आकडे मोजेपर्यंत गप्प राहिल्या आणि म्हणाल्या, "निदान सरबत तरी." सुभेदाराने बूट धरला. तिसऱ्या खेपेला सुहासिनीबाईंनी पदराचा बोळा तोंडात कोंबला. सुभेदार अर्धा उठला, त्यांच्याकडे पाहिलं, दाराकडे पाहिलं आणि काही सुचेना म्हणून तिथेच कान खाजवत बसला.

"सगुणाबाईंना तुम्ही कधी बसा म्हणालात?" जयकरबाईंनी विचारलं.

"ती कशाला बसेल? तिला पुढे दहा घरं असतात."

"प्रधानांना अकरा होती. सगुणाबाईंना म्हणालात का कधी?"

"नाही," त्या म्हणाल्या.

"दूधवाल्याला? गॅसवाल्याला?"

"नाही."

"कुत्र्याला कष्टकरी आणि रिकामटेकडा कळत नाही. तुम्ही ज्यांना बसवता त्यांना तो बसवतो. ज्यांना तुम्ही विचारत नाही त्यांना तोही विचारत नाही. पाहुणा बसला की चकल्यांची दुसरी ताटली येते आणि त्यातला तुकडा त्याला मिळतो. पिल्लू असल्यापासून तो हेच बघत आला. या घराचा कारभार त्याला पूर्ण समजलाय, फक्त खोटं नको-नको समजत नाही."

दोष कुत्र्याचा नसून बायकोचा आहे हे कळताच विद्याधरांचं विज्ञानाबद्दलचं मत एकदम सुधारलं. हे मी पहिल्यापासून सांगत होतो, असं ते म्हणाले. जयकरबाईंनी त्यांनाही वहीत जागा दिली. पाहुणे असताना गृहस्थ पेपर तोंडासमोर धरून बसतात, त्यामुळे कुत्र्याला त्यांच्यापासून बरं-वाईट काहीच शिकता आलेलं नाही, असं त्यांनी मोठ्याने वाचत लिहिलं.

उपाय सहा आठवड्यांचा होता. पाहुणा उठला की घरातल्या कुणीही बसा म्हणायचं नाही. पिशवी धरायची नाही. नमस्कार करायचा, दार उघडायचं आणि पाहुणा बाहेर पडला की सुभेदाराला चकलीचा तुकडा द्यायचा. तुकडा नखाएवढा. म्हणजे पाहुणा थांबण्यात काही मिळत नाही, जाण्यात मिळतं, हे हळूहळू त्याच्या डोक्यात शिरेल. सरावासाठी रोज चारपाच जणांनी यायचं, बसायचं आणि जायचं.

सुहासिनीबाईंनी हळदीकुंकवाचा दिवस मोजला. बरोबर सहा आठवडे होते. कुत्रा राहायचा असेल तर तोंड मिटायला हवं, हे त्यांना समजलं आणि त्यांनी ते मिटलं. मुंबईत यापेक्षा मोठा त्याग त्या वर्षी कुणी केला असेल असं वाटत नाही.

नलिनीवहिनी सरावाला यायला लगेच कबूल झाल्या. पहिल्या दिवशी त्या सव्वाचारला आल्या आणि साडेचारला रिवाजाप्रमाणे उठल्या. सुहासिनीबाईंनी नमस्कार केला आणि दार उघडलं. नलिनीवहिनींना हे सगळं आधी समजावून सांगितलेलं होतं. तरी त्या उंबऱ्यात उभ्या राहिल्या, मागे वळून बघितलं, आणि खरोखरच जावं लागणार हे लक्षात आल्यावर चेहरा पाडून गेल्या. घरी जाऊन त्यांनी यजमानांना सांगितलं, की सराव असला म्हणून काय झालं, माणूस एकदा तरी म्हणतो.

ज्यांना समजावून सांगितलेलं नव्हतं त्यांचं काय झालं असेल याची कल्पना करावी. तिसऱ्या आठवड्यापर्यंत सुहासिनी सबनीस माणसांना हाकलते आणि त्या आनंदात कुत्र्याला चकली देते, ही बातमी पार नाहूरपर्यंत गेली. एकीने मुलगा पवईला शिकतोय त्याचा हा गर्व असल्याचं निदान केलं. लोक यायचे कमी झाले. दुपारी चारला घरात पंख्याचा आवाज तेवढा ऐकू येई. ताटल्या भरलेल्या राहत. सुहासिनीबाईंना कधी कधी नुसतं रडू येई, आणि सुभेदार त्यांच्या पायावर हनुवटी ठेवून पडे.

आता सव्वीस वर्षं रोज जो आग्रह करायची सवय होती तो कुठे जाणार? सगळा सुभेदारावर गेला. पाहुणा बाहेर पडला की त्या तुकडा द्यायच्या. मग म्हणायच्या, "एकच? असं करतात का? घे रे राजा, अजून एक घे." मग एक अख्खी. मग, एक कशी खायची म्हणून दुसरी. सुभेदाराने आयुष्यात कुणाला नको-नको म्हटलेलं नव्हतं. विद्याधरांना त्या "एक तुकडा" सांगायच्या आणि विद्याधर रकान्यात "१ तुकडा" लिहायचे. चौथ्या आठवड्यात जयकरबाई आल्या तेव्हा प्रगतीचा वेग बघून त्यांच्या कपाळाला आठी पडली.

"तुकडा नखाएवढाच ना?"

"नखाएवढाच," सुहासिनीबाई म्हणाल्या. कुणाच्या नखाएवढा ते त्यांनी सांगितलं नाही.

पाचव्या आठवड्यात सुभेदार कुणाला अडवेनासा झाला. सहाव्यात नलिनीवहिनी येऊन टेकल्या की तो त्यांच्याकडे बघायचा, दाराकडे बघायचा आणि पुन्हा त्यांच्याकडे बघायचा. किती समजूतदार झालाय, असं सुहासिनीबाईंना वाटलं. विद्याधरांनी शेरा मारला : समाधानकारक.

हळदीकुंकवाच्या दिवशी सुहासिनीबाईंनी झोपाळ्यात गौर बसवली, पुढे करंज्या-लाडू-चकल्यांची आरास केली, पातेलंभर कैरीची डाळ वाटली आणि दोन कळश्या पन्हं केलं. हाकलतात म्हणून नाव झालं असलं तरी हळदीकुंकवाला नाही म्हणायची पद्धत नव्हती, आणि खरोखर हाकलतात का हेही बघायचं होतं. पाच वाजता बायका यायला लागल्या. जयकरबाई वही घेऊन कोपऱ्यातल्या स्टुलावर बसल्या.

पहिल्या आल्या नलिनीवहिनी. हळदीकुंकू लागलं, अत्तर लागलं, हरभऱ्यांनी ओटी भरली. त्या सतरंजीवर ऐसपैस बसल्या आणि हात डाळीच्या वाटीकडे गेला तोच सुभेदाराने त्यांच्या पदराचं टोक दातात धरलं. नलिनीवहिनींना सवय होती, त्या हसल्या. मग त्यांच्या लक्षात आलं, की या वेळी तो दिशा बदलून ओढतोय. त्याने त्यांना अदबीने उठवलं, उंबऱ्याबाहेर नेऊन सोडलं, परत आला आणि सुहासिनीबाईंसमोर बसून वर बघितलं. सुहासिनीबाई गोंधळल्या. पण पाहुणा बाहेर गेला होता, आणि नियम म्हणजे नियम. त्यांनी चकली दिली.

ती संपताच सुभेदाराने दुसरीचा पदर धरला. त्याची पद्धत एकदम शिस्तीची होती. कुंकू लागेपर्यंत तो थांबायचा, ओटी भरली की पदर धरायचा. एका बाईने आपण नुकत्याच आलो असल्याचं त्याला सांगून पाहिलं. दोघी गौरीच्या मागे जाऊन बसल्या, त्यांनाही त्याने शोधून काढलं. डाळीची वाटी एकीलाही धडपणे मिळाली नाही. पाच पस्तीसला एकोणीस बायका बाहेर होत्या, पावणेसहाला एकतीस.

जयकरबाईंनी वही मिटली. "सुहासिनीबाई, किती चकल्या देत होतात?"

"कधी दोन," सुहासिनीबाई म्हणाल्या. "कधी चार. परवा सहा झाल्या असतील. माणसांना घे म्हणायचं नाही असं तुम्ही सांगितलंत. दुसरं खायला होतं कोण, डॉक्टर?"

जयकरबाई काही बोलणार होत्या, पण सुभेदाराने त्यांच्या पदराचं टोक धरलं. इंग्लंडच्या पदवीला शोभेल अशा धिमेपणाने त्या त्याच्यामागून बाहेर गेल्या.

सहाला घर रिकामं झालं. गौर, चाळीस वाट्या डाळ, दोन कळश्या पन्हं आणि चकलीकडे बघायचीही इच्छा न उरलेला कुत्रा, एवढंच घरात होतं. सुहासिनीबाई सतरंजीवर मटकन बसल्या. कुत्रा वाचला याचा त्यांना आनंद व्हायला हवा होता, पण त्या भरलेल्या वाट्या मोजत बसल्या. तेवढ्यात त्यांना दाराबाहेर बोलणं ऐकू आलं.

चाळिसातली एकही बाई घरी गेलेली नव्हती. कशा जातील? निरोप झाल्यावर दारात उभं राहून जे बोलायचं असतं ते बोलायचं राहिलं होतं. शिवाय आज बोलण्यासारखं कधी नव्हे इतकं घडलं होतं. चौकटीबाहेर सुभेदाराची हद्द संपत होती. जिन्याच्या पायऱ्यापायऱ्यांवर, कठड्याला टेकून, खालच्या मजल्यापर्यंत बायका बसल्या होत्या आणि हसून हसून डोळे पुसत होत्या. सुहासिनीबाईंनी क्षणभर बघितलं. मग त्या आत गेल्या, पातेलं उचललं आणि बाहेर येऊन त्यांनी सहा आठवड्यांचं साचलेलं सगळं एकदम बाहेर काढलं. "असं कसं जाता? बसा हो. मी सोडणारच नाही आज."

पावणेसातला विद्याधर ऑफिसातून आले, तेव्हा पहिल्या मजल्यापासूनच रस्ता बंद होता. वरून चौथ्या पायरीवर जयकरबाई डाळीची तिसरी वाटी खात होत्या. आता मी निघते, असं त्या दोनदा म्हणून झाल्या होत्या. नव्या सवयीसाठी आणखी सहा आठवड्यांचा कार्यक्रम लागेल, असंही त्या म्हणाल्या होत्या. सुहासिनीबाईंनी दोन्ही वेळा त्यांची शबनम कठड्याला अडकवून ठेवली होती.

"एकीला तरी अडवलं का त्याने?" विद्याधरांनी खालूनच विचारलं.

"अडवलं नाही, भावोजी. बाहेर काढलं," नलिनीवहिनी म्हणाल्या.

"म्हणजे घरात कुणाला अडवलं नाही?"

"छे, घरात कुठलं."

विद्याधर वर जायला निघाले. पन्हं घेतल्याशिवाय कसे जाता, असं पाचसहा जणींनी एकदम विचारलं. ते म्हणाले, की मी पाहुणा नाही, हे माझं घर आहे. हे नको-नको फारच लंगडं असल्यामुळे कुणी मनावर घेतलं नाही. एकीने त्यांची बॅग काढून घेतली, दुसरीने सरकून जागा केली आणि चौदा माणसांचे सेक्शन हेड पायरीवर बसले. त्यांना दारापर्यंत पोचायला पावणेआठ झाले.

घरात कुणी नव्हतं. ते कोचावर टेकले, बूट काढायला वाकले. समोर सुभेदार जड पोटाने उठला. त्याने विद्याधरांकडे पाहिलं, उघड्या दाराकडे पाहिलं आणि मोठ्या कष्टाने येऊन त्यांच्या पँटचा पाय धरला.

बाहेर बायका आता उतरायला लागल्या होत्या. सुहासिनीबाई रिकाम्या पातेल्याशेजारी वरच्या पायरीवर बसल्या होत्या आणि गेल्या दीड महिन्यात दिसल्या नव्हत्या इतक्या खुशीत होत्या. विद्याधर एका पायात बूट घालून त्यांच्या शेजारी येऊन बसले.

"भिकाजीभावोजींना पत्र टाकाल ना उद्या?" सुहासिनीबाईंनी विचारलं. "कुत्रा येत नाही म्हणून."

"टाकतो," विद्याधर म्हणाले.

सुहासिनीबाईंनी पातेल्याच्या तळाची डाळ खरवडून वाटीत घातली आणि वाटी त्यांच्या हातात दिली. विद्याधरांनी नको म्हटलं. मग त्या काय म्हणतात, याची वाट बघत बसले.